राख न लागलेला ग्लास

१

सावळवाडीच्या दूध संस्थेचा सचिव आसाराम रविवारी दुपारी चार वाजता ऑफिसच्या खुर्चीत मरून पडलेला सापडला. सोमवारी सकाळी दहाच्या आत गावानं, पोलिसांनी आणि नेकनूरच्या बसमधल्या कंडक्टरनंसुद्धा खुनी कोण ते ठरवून टाकलं. आता फक्त पाशाभाईंनी यायचं आणि एक ओळ लिहून द्यायची, एवढंच उरलं होतं.

पाशाभाई म्हणजे बीडच्या पोलीस खात्यातले पुरावे गोळा करणारे. ठसे, डाग, केस, माती, जे मिळेल ते. खेड्यापाड्यांतले लोक त्यांना ठशेवाले म्हणत. अठ्ठावीस वर्षांची नोकरी झाली होती आणि निवृत्तीला अकरा महिने होते. ठसे उठवायची काळी पूड त्यांच्या बोटांच्या पेरांत इतकी मुरली होती, की त्यांची बायको रहेमतबी त्यांना पिठाच्या डब्याला हात लावू देत नसे. त्यात तेरा सालचा तो उन्हाळा. बीडला नळाला वीस-वीस दिवस पाणी नाही, मग हात धुणं त्यांनी सोडूनच दिलं होतं. ओल्या फडक्यानं पुसायचे आणि जेवायला बसायचे.

"पाशाभाई, केस सरळ आहे," फौजदार म्हणाला. वयानं तिशीतला, घाई अंगात भरलेला. "ताकातून फवारणीचं औषध दिलंय. डॉक्टरांनी तोंडीच सांगितलं. आता मला सांगा, विष प्यायलेला माणूस ग्लास घासून फळीवर पालथा घालेल का? दुसऱ्यानंच घातला. आणि इथले ग्लास कोण घासतं? भिवराबाई. मढं कुणी पाहिलं पहिल्यांदा? भिवराबाईनं. शुक्रवारी दहा माणसांत सचिवाला शाप कुणी दिला?"

"भिवराबाईनं," पाशाभाई म्हणाले. बसमध्ये त्यांनी तो दोनदा ऐकला होता. मरताना तुझ्या तोंडात कुणी पाण्याचा थेंब घालायचं न्हाई, असं ती म्हणाली होती. दोन दिवसांत माणूस मेला. बोलाफुलाला गाठ पडली, आणि गावाला पुरावा मिळाला.

"ग्लासवर तिचे ठसे आहेत एवढं लिहून द्या. झालं."

पाशाभाईंनी गुडघ्यावर हात देऊन पिशवी उघडली. खोली लहानच होती. एक टेबल, फॅट मोजायचं यंत्र, रिकाम्या कॅन, कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याचा निळा ड्रम, खिडकीपाशी फळी आणि फळीवर सहा स्टीलचे ग्लास पालथे. त्यांनी एकेक ग्लास कडेला धरून उजेडात फिरवला. पाच ग्लासांच्या काठाच्या वळणात करडी राख बसलेली होती, आणि अंगावर एकाच हाताची बोटं. पूड न लावताही दिसावीत अशी.

सहावा ग्लास त्यांनी बराच वेळ हातात ठेवला. मग चष्मा वर करून डोळ्यांजवळ नेला.

त्याच्यावर एकही ठसा नव्हता. काठात राखेचा कणसुद्धा नव्हता. होते ते फक्त पांढरे ठिपके, वाळलेल्या थेंबांचे.

"काय झालं?" फौजदारानं विचारलं.

"हा धुतलाय," पाशाभाई म्हणाले. "पाण्यानं."

२

भिवराबाई ठाण्याच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. साठीची, काटक, पदर कानामागं खोचलेला. पाशाभाईंनी तिचा हात धरून एकेक बोट शाईवर फिरवलं, तशी ती बोटांकडंच बघत राहिली.

"साहेब, हे काळं कशानं निघंल?"

"तेलानं. माझं तर तेलानंही निघत नाही." त्यांनी आपली बोटं दाखवली. ती जरा हसल्यासारखी झाली. "सचिवाला तसं का बोललात, बाई?"

"घागरीपायी. माझी सासू हाय घरी, दगडाबाई. नव्वदीची, डोळ्यांनी दिसत न्हाई. तिला ऊन लागलं, म्हून ड्रमातली एक घागर नेलती. त्यो म्हणला, ही चोरी हाय. समद्यांच्या म्होरं म्हणला. मंग माझ्याबी तोंडाला लगाम न्हाई राह्यला." ती थांबली. "त्येचंबी खोटं न्हवतं म्हणा. ड्रम सगळ्यांचा हाय."

"ग्लास कशानं घासता?"

"राखंनं. अन् कशानं? संक्रांतीपासनं गावात कुणी भांड्याला पाणी लावलं न्हाई. राख चोळायची, फडकं मारायचं. देवबी तसंच पुसतेत."

"रविवारी किती घासले?"

"सा. हायतच सा. सकाळचं दूध गेलं की घासले अन् धाला घरी गेले. सचिव बसलेले व्हते लिहीत." तिनं शाईचे हात लुगड्यापासून लांब धरले. "साहेब, तुमी ठशेवाले. तुमाला समदं कळतं म्हणतेत. माझ्या बोलण्यानं मेला का हो त्यो?"

असला प्रश्न त्यांना अठ्ठावीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. लोक विचारायचे, मी सुटेन का. ही बाई सुटण्याचं नावच काढत नव्हती. पाशाभाई शाईची डबी बंद करत राहिले, आणि ती बंद झाल्यावरही झाकण दाबत राहिले.

"म्हातारीला पाणी कोण देतं आता?" त्यांनी विचारलं.

"शेजारीण देती म्हणली. तिलाच दोन घागरी भेटतेत, ती किती दिस देईल?"

पाच ग्लासांवरचे ठसे तिचेच निघाले. फौजदारानं टाळी वाजवली. "मग अडलंय कुठं? पाचांवर आहेत, सहावा तिनं धुऊन टाकला. गुरुवारी तिची कोठडी संपते, तोवर मला तुमचा कागद हवा. तुमचा कागद आला की ती बीडच्या जेलात गेली, आणि मी सुटलो बाबा या गावातून."

"जिनं पाच राखेनं घासले, ती सहावा पाण्यानं का धुईल? राख चोळली असती तर मलाही फरक कळला नसता."

"ऐन वेळी घाबरली असेल."

"घाबरलेला माणूस सवयीचं करतो, साहेब. नवं काही त्याला सुचत नाही. अन् मी जे पाहिलं नाही ते लिहीत नाही. इतकी वर्षं नाही लिहिलं, आता अकरा महिन्यांसाठी कशाला?"

"गुरुवार," फौजदार म्हणाला आणि फोन कानाला लावून निघून गेला.

३

दुपारी चारलाच संस्थेच्या व्हरांड्यात टेबल मांडून संध्याकाळचं दूध घेणं सुरू झालं. माप घेणारा त्रिंबक, चाळिशीचा, तोंड ओढलेला. आसारामच्या हाताखाली अकरा वर्षं राबलेला, आणि सचिवाची जागा आता त्यालाच मिळणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तो कुणाच्या डोळ्यांत बघत नव्हता.

बाया-माणसं येत होती ती लहान लहान किटल्या घेऊन. कुणाचं दीड लिटर, कुणाचं पाऊण. एरवी सहाशे लिटर भरणारी संस्था नव्वदावर आली होती. म्हशीला पाणी नसेल तर तिनं दूध आणायचं कुठून? एक गडी तेवढा सायकलला भरलेली कॅन लावून आला.

"पंडित गुरुजींची," त्रिंबक म्हणाला. "आमचे चेअरमन. मुक्या जिवांसाठी पेन्शनीतून टँकर इकत घेतेत. देवमाणूस हाय."

"अन् आसाराम कसा होता?"

"कडक. पण सरळ." त्रिंबकनं माप खाली ठेवलं. "मला ठावं हाय तुमी काय इचारणार. रविवारी दुपारी मी नेकनूरला मेव्हण्याकडं गेलतो. दहा माणसं सांगतील."

"शेवटच्या दिवसांत काही वेगळं बोलला?"

"शनिवारी सकाळी. कॅन वततावतता मधीच थांबला अन् म्हणला, त्रिंबक, गावात पाणी सापडलं. सोमवारी तहसीलला जाऊन सांगतो. मी म्हणलो, सचिव, टोपी घालत जा, ऊन डोक्यात गेलंय."

तेवढ्यात टँकर आला. बघता बघता विहिरीभोवती घागरींची खणाखणी आणि शिव्याशाप सुरू झाले. ड्रायव्हर दस्तगीर, सिरसाळ्याचा, पंचविशीतला. त्यानं विहिरीत पाइप सोडला, उरलेल्या पाण्याखाली तोंड धरलं, डोकं भिजवलं, गुळणी करून फेकली. पाशाभाई लांबून बघत होते. अख्ख्या गावात पाणी फेकू शकणारा माणूस त्यांना सापडला होता.

"आसारामनं तुझी तक्रार केली होती म्हणे?"

"केलती चाचा. अर्धा टँकर वाटंत उतरवतो म्हणून. खोटं न्हवतं ते," दस्तगीर बिनदिक्कत म्हणाला, मग एकदम वरमला. "पण चाचा, त्यापायी कुणी माणूस मारतं का बे? माफ करा, तुमाला बे म्हणलो."

"रविवारी दुपारी कुठं होतास?"

ओल्या केसांतून त्याच्या कपाळावर पाणी उतरत होतं. "हितंच," तो हळूच म्हणाला. "टँकर पंचर झालता. संस्थेच्या मागंच लावलेला. सावलीत झोपलो व्हतो."

पाशाभाईंनी पिशवीतून काचेची स्वच्छ पट्टी काढली, टँकरच्या नळाचा एक थेंब तीवर घेतला आणि दुसऱ्या पट्टीवर ऑफिसातल्या ड्रमाचा. दोन्ही पट्ट्या उन्हात ठेवल्या. दस्तगीर त्या पट्ट्यांकडं असा बघत होता जणू त्याचं नशीबच वाळत घातलंय. आणि खरं म्हणजे घातलंच होतं.

पाच मिनिटांत थेंब उडून गेले. पाशाभाईंनी पट्ट्या आडव्या धरून पाहिल्या. दोन्ही निर्मळ, एकही पांढरा ठिपका नाही. धरणाचं गोडं पाणी होतं ते.

"जा," ते दस्तगीरला म्हणाले. "पंक्चर नीट काढून घे."

ग्लासावरचं पाणी टँकरचं नव्हतं, ड्रमाचं नव्हतं. आणि सावळवाडीत तिसरं पाणी नव्हतंच.

४

पंडित गुरुजींचं घर गावाबाहेर, मळ्यात. समोर मोसंबीच्या बागेचे नुसते खराटे उभे होते. पाशाभाई चालत गेले ते पाय ओढतच. उन्हानं जिभेला कोरड पडली होती. गुरुजी ओट्यावरून उठून सामोरे आले. सत्तरीचे, पांढरंशुभ्र धोतर, आवाज मऊ. नारायणगडाच्या यात्रेत पाणपोई चालवायचे तेव्हापासून पंचक्रोशीत त्यांना मान.

"आधी पाणी घ्या. मग बोलू."

खुंटीला टांगलेली कॅनव्हासची छागल त्यांनी काढली. ही छागल म्हणे शाळेच्या नोकरीपासून कायम त्यांच्या खांद्याला. ग्लासात थोडं पाणी घेतलं, खळखळून विसळलं, ओट्याखाली फेकलं आणि मग काठोकाठ भरून पुढं केलं. गेल्या दोन महिन्यांत पाशाभाईंना कुणी भरलेला ग्लास दिला नव्हता. सगळीकडं आधी विचारत, किती घेता? त्यांनी मान मागं टाकून वरून पाणी तोंडात सोडलं. घाईत थोडं चष्म्यावर उडालं, थोडं सदऱ्यावर. गुरुजींनी पुन्हा ग्लास भरला. बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं.

"आसाराम माझा विद्यार्थी," गुरुजी म्हणाले. "चौथीपर्यंत माझ्या हाताखाली होता. आणि भिवराचं म्हणाल तर अडाणी बाई आहे, तोंडाची फटकळ. तिच्यासाठी वकील मी देणार आहे. कुणी काही म्हणो."

"गावातल्या बोअरचं काय झालं, गुरुजी?"

"पौषात तहसीलदार आले होते. ज्यांच्या बोअरला पाणी आहे त्यांनी ते गावाला द्यायचं, असा हुकूम. कोण देतो? मी घरोघर फिरलो. माझ्या शब्दावर चौदा जणांनी दिले. त्यांच्या बागा वाळल्या, पण गाव शिमग्यापर्यंत जगलं. मग एकेक करून चौदाही आटले. माझं त्याआधीच आटलं होतं, नाहीतर पहिलं मीच दिलं असतं." त्यांनी वाळक्या बागेकडं हात केला. "हे बघताय ना."

पाशाभाईंनी बघितलं. मग नमस्कार करून उठले. असली माणसं आहेत म्हणून दुनिया चाललीय, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं, आणि त्यांच्या वयाला आणि धंद्याला ते शोभणारं नव्हतं.

बस अर्ध्या तासानं आली. खिडकीपाशी बसून त्यांनी बाहेर पाहिलं तर उजव्या डोळ्यापुढचं रान धुरकट दिसायला लागलं. मोतीबिंदू पिकला वाटतं, ते मनाशी म्हणाले. चष्मा काढला आणि उजेडात धरला.

उजव्या काचेवर पांढरे ठिपके होते. वाळलेल्या थेंबांचे.

"गाडी थांबवा," पाशाभाई ओरडले.

५

पण गाडी थांबवून तरी काय करणार होते? कंडक्टरनं त्यांना खाली बसवलं. रात्रभर ते बीडच्या घरी जागेच होते. देवमाणसावर संशय घ्यायचा म्हणजे आधी स्वतःचीच लाज वाटते.

मंगळवारी पहिल्या बसनं ते सावळवाडीला परतले आणि ऑफिसात न शिरता मागच्या बाजूला गेले. फळी ज्या खिडकीपाशी होती, तिच्याखाली उकरड्याची पायवाट. सगळीकडं माती पिठासारखी भुरभुरीत, पाऊल टाकलं की उडणारी. खिडकीच्या बरोबर खाली मात्र हातभर जागेत तिचा पापुद्रा धरला होता. मधे जाड, कडेला शिंतोड्यांचे सुटे टिकले, आणि पापुद्र्यावर मेलेल्या मुंग्यांची रांग.

पाशाभाई ओणवे झाले. कंबरेतून कळ गेली. चाकूच्या पात्यानं त्यांनी तो पापुद्रा अख्खा उचलला, जशी तव्यावरची भाकरी उचलावी तसा, आणि डबीत घालून वर सही-शिक्का केला. पंच म्हणून त्रिंबकलाच बोलावलं.

"हितं पाणी कुणी सांडलं?" त्रिंबकनं विचारलं, आणि त्याचा स्वर असा होता की जणू कुणी सोनं सांडलं.

दस्तगीर दुपारी भेटला. पाशाभाईंनी त्याला एकच विचारलं. "पंडित गुरुजींच्या मळ्यात टँकर कोण टाकतो?"

"मलाबी शनिवारी आसारामनं हेच इचारलं, चाचा. ह्या रस्त्यानं खासगी टँकर येतच न्हाई. आला असता तर मला कळलं नसतं का? धंदाच हाय माझा."

बुधवारी ते डबी आणि सहावा ग्लास घेऊन स्वतः औरंगाबादच्या प्रयोगशाळेत गेले. एरवी असले नमुने तीन-तीन महिने पडून राहतात. तिथल्या जुन्या दोस्तापुढं पाशाभाईंनी आयुष्यात पहिल्यांदा हात जोडले. म्हणाले, नव्वद वर्षांची एक आंधळी बाई पाण्यावाचून बसलीय, उद्याच्या दुपारपर्यंत सांग.

गुरुवारी अकरा वाजता फोन आला. पाशाभाईंनी ऐकून घेतलं, दोनदा विचारून खात्री केली, आणि फौजदाराला म्हणाले, "गुरुजींना संस्थेत बोलवा. चहाला म्हणून."

६

गुरुजी आले. छागल खांद्याला होतीच. ऑफिसात फौजदार, त्रिंबक आणि दस्तगीर बसलेले. फळीवर पाच ग्लास होते, राखेनं घासलेले. पाशाभाई खुर्चीत मागं टेकून बसले होते आणि खरोखरच दमलेले दिसत होते.

"गुरुजी, सोमवारच्या पाण्याची चव अजून जिभेवर आहे," ते म्हणाले. "थोडं द्याल का? ड्रम आटलाय."

"अहो, त्यात काय!" गुरुजींनी फळीवरचा एक ग्लास उचलला. काठातली राख पाहून भुवई जरा चढवली. छागलीचं बूच काढलं, पाणी ओतलं, खळखळून विसळलं आणि हात लांब करून खिडकीबाहेर फेकलं.

बाहेर पाणी मातीवर पडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"गुरुजी," त्रिंबक म्हणाला, "तुमी पाणी फेकलं?"

गुरुजींचा हात तसाच खिडकीत राहिला.

"संक्रांतीपासनं या गावात कुणी भांडं पाण्यानं धुतलं नाही," पाशाभाई हळूहळू बोलू लागले. "लहान पोरसुद्धा विसरलं. दुष्काळ सगळ्यांच्या हाताला लागला, गुरुजी, एक तुमच्या सोडून. रविवारी दुपारी सहावा ग्लास असाच धुतला गेला. आधीचे ठसे पाण्यानं गेले, ओल्या बोटांचा नवा उठत नाही, म्हणून ठसा नाही. पण पाणी खोल बोअरचं, जड, क्षाराचं. वाळलं की पांढरं उठतं. तेच ग्लासावर आहे, तेच माझ्या चष्म्यावर आलं. टँकरचं पाणी असं नाही, मी बघितलंय. गावाचे चौदा बोअर शिमग्याला आटले. मग हे पंधराव्याचंच. तुम्ही म्हणता टँकर विकत घेतो. दस्तगीर म्हणतो, टँकर येतच नाही. म्हशी मात्र कॅन भरून दूध देतात. आसाराम रोज दूध मोजत होता, त्याला ते आधी कळलं. तो म्हणाला, गावात पाणी सापडलं. त्याला वेड लागलं नव्हतं."

"हा... हा सगळा तर्क आहे," गुरुजी म्हणाले.

"तर्कच आहे. पण ग्लास धुतला म्हणून विष जात नाही, गुरुजी. खिडकीखाली जातं. तिथली माती मी नेली होती. आत्ताच फोन आला. मातीत तेच औषध आहे, आणि तेच क्षार."

गुरुजी खाली बसले. खुर्चीत नाही, जमिनीवर, शाळेतल्या पोरासारखे. फौजदार पुढं सरकला, तसं पाशाभाईंनी हातानं थांबवलं.

"गोठ्यात गव्हाणीखाली आहे बोअर," गुरुजी म्हणाले. "मागच्या अंगाला मोसंबीची साठ झाडं जगवली होती. पौषात वाटलं, चौदा दिलेत लोकांनी, एक माझं राहिलं तर काय होतं? मग ते आटले. आता कुठल्या तोंडानं सांगू, की माझं आहे? ज्यांच्या बागा माझ्या शब्दावर जळल्या ते दारावरून जात होते, नमस्कार करत होते. रोज सांगणं अवघड होत गेलं." ते थांबले. "आसाराम शनिवारी आला. म्हणाला, गुरुजी, मी सोमवारी तहसीलला सांगणार. त्याआधी तुम्हीच गावाला सांगा, म्हणजे तुमचा मान राहील. त्यानं मला एक दिवस दिला होता."

त्या एका दिवसाचं गुरुजींनी काय केलं ते सगळ्यांना माहीत होतं. त्रिंबक तोंड फिरवून रडत होता.

"ताक पिताना तो काही बोलला?" पाशाभाईंनी विचारलं. पुराव्याला त्याची गरज नव्हती. का विचारलं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

गुरुजींनी छागल जमिनीवर ठेवली.

"पाणी मागत होता," ते म्हणाले. "मी ग्लास धुतला."

७

कोर्टानं शनिवारी भिवराबाईला सोडलं. पाशाभाईंना तिच्याबरोबर जायची काही गरज नव्हती, पण ते बसमध्ये तिच्या मागच्या बाकावर जाऊन बसले. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायचं चाललं होतं, तो संन्यासी सुळावरून उतरला की घरापर्यंत नीट पोचतो का हे बघावंसं वाटलं असेल.

गुरुजींच्या मळ्यात तोबा गर्दी होती. गव्हाण काढून टाकली होती, बोअरची मोटार आता उघड चालू होती, आणि पाणी असं येत होतं की बघणाऱ्याला राग यावा. कुणी आनंदानं ओरडत नव्हतं. लोक आपल्या घागरी भरत होते आणि मागं दिसणाऱ्या साठ हिरव्या झाडांकडं बघायचं टाळत होते. भिवराबाईला पाहून रांग आपोआप बाजूला झाली. तिनं घागर भरली आणि घरी नेली.

दगडाबाई दारातच बसली होती. ओठ फुटलेले, पण जिवंत. भिवराबाईनं तिला घोट घोट पाजलं. मग एक ग्लास घेतला, चुलीतली राख लावून घासला, फडक्यानं पुसला, पाण्यानं भरला आणि संस्थेकडं निघाली. पाशाभाई मागं मागं.

ऑफिसच्या भिंतीला आसारामचा फोटो टेकवलेला होता. तिनं ग्लास फोटोपुढं ठेवला आणि खालीच बसली.

"भाऊ," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिनं त्यांना साहेब म्हटलं नाही. "इख गुरुजींनं घातलं, हे समजलं मला. माझ्या बोलण्यानं मेला न्हाई त्यो. पण एक सांगा. तुमाला समदं ठावं हाय. शेवटाला त्येच्या तोंडात पाणी पडलं का? कुणी घातलं का?"

पाशाभाईंनी खिडकीकडं पाहिलं. फळीवर चार ग्लास पालथे होते. पाचवा आणि सहावा पुराव्यात जमा झाले होते, त्यांच्याच सहीनं. जे पाहिलं नाही ते अठ्ठावीस वर्षांत त्यांनी कधी लिहिलं नव्हतं, आणि जे ऐकलं ते कधी बदललं नव्हतं.

"पडलं, बाई," ते म्हणाले. "पोटभर पाणी पिऊन गेला."

भिवराबाईनं पदर तोंडाला लावला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली. पाशाभाई बाहेर आले. व्हरांड्यात कुणीतरी बोअरच्या पाण्याची बादली आणून ठेवली होती. ते तिच्यापाशी बसले आणि हात धुऊ लागले. बराच वेळ धुतले. पाणी काळं झालं, पण बोटं काही उजळली नाहीत. मग त्यांनी ते काळं पाणी फेकलं नाही, दारातल्या वाळक्या लिंबाच्या बुडाशी ओतलं, आणि बस गाठायला निघाले.